जुनी पाकिटं

विधानसभेनं ठरवलं:
खात्याच्या नावातून 'वसुली' काढावी,
'कुटुंब-आधार' म्हणावं.
नव्या छपाईला पैसे नव्हते, म्हणून
नेब्रास्कात, प्लॅट नदीकाठच्या कचेरीत
वर्ला दुपारभर
पाकिटांवरचं जुनं नाव शिक्क्यानं झाकत बसली.

त्यातलं एक ट्रेलर पार्कात, लोरीनच्या पेटीत.
तिनं आधी पाकिटाच्या खिडकीतून पाहिलं:
चेकचा हिरवा कागद, की नुसतंच पत्र.
पत्र. नाव बदलल्याचं.
'आपल्या सोयीसाठी.'

एमेट नऊ वर्षांचा. आखूड झालेले बूट
टाचा मोडून घालतो, चपलेसारखे.
त्यानं पाकीट दिव्यासमोर धरलं,
शिक्क्याखालचं एकेक अक्षर लावत गेला.
"आई, वसुली म्हणजे?"

"काही नाही. खोडलंय ते."

"दिसतंय की अजून."