खिळा

भिंत चार वेळा रंगवली, खिळा मात्र तोच.
मीच ठोकलेला, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात,
महाराजांची तसबीर टांगायला.
तिरकी बसली म्हणून प्रधानपंचांनी
सगळ्यांसमोर माझा कान पिळला होता.

मग पक्ष आले. तसबीर तीच,
खालच्या खुर्च्यांवरची माणसं तेवढी
एकमेकांशी बोलेनाशी झाली.

मग एका रात्री जंगलातून पोरं उतरली.
त्यांत आमच्या मास्तरांची लोकमाया,
बंदूक जवळजवळ तिच्याएवढी.
दप्तर अंगणात पेटवलं,
जमिनी, जन्म, मृत्यू, सगळं एकाच ढिगात.
"काका, बाजूला व्हा," म्हणाली.
झालो.
मी कायमच बाजूला होत आलोय.

पुढे काठमांडूहून कागद आला: तसबीर उतरवा.
उतरवली. फडक्यात गुंडाळून
घरी मक्याच्या कणगीमागे ठेवली,
न जाणो, उद्या परत मागतील.
कुणी मागितली नाही.
उंदरांनी मुकुटापासून सुरुवात केली.

कितीतरी वर्षं खिळ्यावर
कतारला माणसं धाडणाऱ्या एजंटचं कॅलेंडर.
गावातली पोरं त्यातल्या तारखा मोजत एकेक निघून गेली.

आणि मग निवडणूक.
कायद्याने एक जागा दलित बाईची.
सेतमाया दमाई निवडून आली.
माझ्या लेकीची लग्नातली चोळी हिनेच शिवलेली,
अंगणाबाहेर उभं राहून
नुसत्या नजरेने माप घेऊन.
कुठेही घट्ट झाली नव्हती.

पहिल्या बैठकीला आली तेव्हा
तुकडे जोडून शिवलेली पिशवी खांद्यावर.
ठेवायला जागा शोधली,
आणि अडकवली सरळ खिळ्यावर.
कुणी काही बोललं नाही.
अध्यक्षांनी घसा खाकरला, एवढंच.

माणसं सहा. मी चहाचे पेले आणले पाच.
मोजायला चुकलो नव्हतो.
ती पाण्याच्या नळावर बोलत होती.
आवाज कापत होता,
आकडे कापत नव्हते.

मी परत खाली उतरलो.
"सहावा कुणाला?" खड्काने विचारलं.
"सदस्यांना," म्हणालो.
हे अजून घरी सांगितलेलं नाही.

बैठक संपल्यावर तिने आपला पेला
स्वतःच विसळला, खिडकीत पालथा घातला.
राहू दे, म्हणायला माझं तोंड उघडलं,
तोवर पिशवी ओढून ती उताराला लागली होती.

खिळा जरासा हललाय.
उद्या ठोकून घेतो.