'इतर' या रकान्यात

गालजीबागला पंचनामा लिहायला बसलो
तेव्हा ओहोटी होती.
छापील नमुन्यात घर होतं, गोठा होता,
माड किती पडले, जनावर दुभतं की भाकड.
समुद्र नव्हता.
तो मी 'इतर'मध्ये लिहिला.

डांबराच्या गोळ्या लिंबाएवढ्या, काही कवठाएवढ्या,
भरतीच्या रेषेवर कुणी मांडून ठेवल्यासारख्या.
उन्हाने पाघळत, वाळू खाऊन जड होत.
नुकसान कुणी केलं?
जहाज टाक्या धुऊन रात्रीच गेलेलं.
मी लिहिलं: अज्ञात.
माझ्या हाताला हा शब्द आता
न बघता येतो.

कायतान बार्रेटो, रापणीतला सातवा वाटेकरी,
रॉकेलने पाय घासत होता.
अंगठ्याच्या नखाखालचं निघेना.
सुरूखाली जाळं, काळं, गोळा झालेलं,
कुत्रंसुद्धा हुंगून मागे सरलं.
"दंड वाढवतायत म्हणे?"
"मसुदा आहे. कैदही घालतायत."
"किती?"
मी आकडा सांगितला. शून्यं बरीच होती.
तो हसला नाही.
"त्यातलं एखादं शून्य
ह्या वाटेने येतं का, तलाठीबाब?"

जरा पलीकडे शेवंती पागी
कासवाच्या घरट्याचं कुंपण धरून वाकलेली.
पिल्लं आज नाहीतर उद्या रात्री निघतील,
कुंपण आणि पाणी यांच्या मधोमध ही रेषा.
ती करवंटीने खरवडत होती,
सगळा किनारा नाही,
घरट्यापासून पाण्यापर्यंत एक पट्टा फक्त.
मी टेप लावला.
लांबी बावन्न पावलं, कारण टेप संपला.
रुंदी दोन विती, तिच्या.
"मजुरी किती धरू?"
"अगो बाई," ती म्हणाली,
आणि करवंटी बदलली.

पंच म्हणून कायतानला बोलावलं.
सही येते त्याला, चर्चच्या वहीत वळणदार करतो.
तरी त्याने अंगठा पुढे केला.
मी शाईची डबी शोधत होतो पिशवीत.
तोवर उमटला होता.

चावडीला बस पोचेपर्यंत
पानं एकमेकांना चिकटली.
मी ती सोडवली नाहीत, तशीच वर पाठवली.
मसुद्यात दंडाची जागा
अजून कोरी आहे म्हणतात.
ती भरणाऱ्याने
आधी ही पानं सोडवून बघावीत.
नखाने. रॉकेल न घेता.