बुचं

लळिंगच्या घाटात अर्ध्यावर
इंजिन ओरडायला लागलं आणि रस्ता जागचा हलेना.
मूठ पिळली. आवाज चढला, गाडी नाही.
मागून आलेला कांद्याचा ट्रक
हॉर्नसुद्धा न देता बाजूने निघून गेला,
ते जास्त लागलं.

येझदी. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.
मालेगावला मावसबहिणीच्या मुलाचं लग्न होतं,
अंगावर कडक इस्तरीची साडी.
तोंड फिरवलं, न्यूट्रल केली,
उतार होता तोवर बिनआवाजी आले,
मग पहिल्या गिअरात, म्हशींच्या चालीने, धुळ्यात.

पारोळा रोडला निंबाखाली लोटन मिस्त्री.
त्याने गाडी पाहिलीच नाही. कान दिला फक्त.
"इंजन वरडस, चाक आयकस नई."
आधी केबल सैल केली, दांडीला नखभर ढील दिली.
"तानी बांधं का सुटस," म्हणाला,
आणि मी उगाच माझ्या घरातली दोन-तीन माणसं मोजली.
चक्कर मारून आला. तसंच.

मग ऑइल काढलं: काळं, करपलेल्या फोडणीसारखं.
झाकण निघालं, गॅस्केट दोन जागी फाटलं.
उलथन्याच्या दांडीतून घडवलेल्या हत्याराने
एकेक स्प्रिंग दाबत होता,
चौथी उडाली ती थेट शेजारच्या रसवंतीत,
घुंगरांचा ताल चुकला.
सुकलाल नावाचं पोरगं ती चिपाडांतून शोधून घेऊन आलं,
चाटून पाहिली, गोड लागली म्हणे.

बशीएवढ्या प्लेटी. पोलादाच्या, जळून निळ्या झालेल्या,
आणि त्यांच्यामध्ये भोकाभोकांत बुचं बसवलेल्या.
लोटनने एक प्लेट उन्हाकडे धरली.
"हाई कंपनीनं काम नई. कोनी करं?"

एका बुचावर जांभळा डाग होता.

बापू शिरूडच्या दवाखान्यात कंपाउंडर.
मिक्श्चरच्या बाटल्या, बाटलीला चिकटवलेली
डोसांची दातेरी कागदी पट्टी, तोंडात बूच.
रिकाम्या बाटल्या परत यायच्या, बुचं खणात पडायची.
निवृत्त झाले तेव्हा
लोकांनी शाल दिली, त्यांनी तो खण घरी आणला.
पुढे येझदीचे पार्ट मिळेनासे झाले,
तेव्हा एक अख्खा आठवडा
ते ओट्यावर ब्लेडने काहीतरी कापत बसले होते.
आई म्हणाली होती, घरात आजारी तरी कोण आहे?

लोटनने प्लेट काचेवर ठेवली, बोटाने दाबली.
डुगडुगली.
"तुना बापनी बुचं उच्ची शेत. सगळा भार त्यासवर."
म्हणजे चूक बापूंचीच.
औषधाचा थेंब मोजणारा माणूस,
आणि इथे पॉलिश पेपर फिरवायचा राहिला.

जळालेली लोटनने काढून टाकली, नवी कापली.
मी पदर खोचला, स्टुलावर बसले,
काचेवर पेपर अंथरून प्लेटा घासल्या, चारही,
गोल, गोल, जात्यासारखं नाही, हलक्या हाताने.
भुसा साडीवर. बोटं नाकाशी नेली,
वाटलं पेपरमिंटचा वास येईल.
ऑइलचाच आला.
प्लेटा रात्रभर तेलात भिजत ठेवल्या,
डाळीसारख्या.

दुसऱ्या दिवशी लळिंग.
किकची दांडी आडवी केली, गिअर टाकला,
चढ आला, आवाज तेवढाच राहिला,
झाडं मागे जाऊ लागली.
माथ्यावर थांबले नाही. जाण्यासारखं काही उरलं नव्हतं,
लग्न लागून गेलं होतं. पुढून वळले.

बापू शहाऐंशीचे. खाटेवर पडून
गाडी दारात येण्याआधीच इंजिन ऐकतात.
सगळं सांगितलं, उंच बुचांचंसुद्धा.
ते बराच वेळ छताकडे पाहत राहिले.
मग म्हणाले,
"एक बूच कमी पडलं होतं.
तिथं तुझ्या चपलेची टाच कापून बसवली होती.
सापडली का?"

नाही सापडली.
मी घासताना सगळी सारखीच लागली हाताला.