दोन काटे, एक तार

कळमना मार्केटच्या मागच्या गेटाशी
झाडे बंधू धर्मकाटा.
पाटीवरचं 'बंधू' अजून तसंच,
पुसायचे पैसे कोणी द्यायचे हे ठरलं नाही म्हणून.

काटे दोन.
लिंबाखालचा डोमाजींचा, सडकेला लागून सेवकचा.
मधली केबिन सामाईक, कूलर सामाईक,
आणि पावत्या छापणारा जुना प्रिंटर
वाटणीत कोणाच्याच नावावर चढला नाही.
ज्याची गाडी काट्यावर, त्यानं उठायचं,
दुसऱ्याची केबल उपटायची, आपली खुपसायची.
बारा वर्षं. तोंडातून शब्द न काढता.
शेवटी पिना वाकल्या, तेव्हा मला फोन आला.

मे महिना, पत्र्याखाली सेहेचाळीस.
चेतराम शिडीवर, मी टेबलाखाली,
दोन नंबरची तार तीनला, तीनची दोनला.
पाच मात्र पाचालाच.
ती जमिनीची. ती उलटी जोडत नसतात.

डबी साबणाच्या वडीएवढी.
आत यायला दोन तोंडं, बाहेर जायला एक.
एकावर ए छापलेलं, एकावर बी.
डोमाजी म्हणाले, ए माहा.
सेवक कूलरकडे पाहून म्हणाला,
ताई, मले बी काऊन?
मी मांगून जन्मलो हे मशीनलेही सांगून ठेवलं काय?
मी दोन्ही अक्षरांवर चिकटपट्टी लावली, पेनानं लिहिलं:
लिंबाकडचा.
सडकेकडचा.

मग पोटातली आठ बटणं, तांदळाच्या दाण्यासारखी,
रिफिलच्या टोकानं वर-खाली करायची.
वेग शहाण्णवशे. पॅरिटी नाही.
शेवटची दोन बटणं थांबण्याची:
एकाचं बोलणं संपलं असं केव्हा धरायचं
आणि दुसऱ्याला केव्हा बोलू द्यायचं.
अर्धा सेकंद, एक, तीन, दहा.
घामानं डोळे चुरचुरत होते. मी अर्ध्यावर ठेवलं.

काटे जुने आहेत, बोलता बोलता दम खातात,
गाडीचा नंबर सांगितला की
वजन सांगण्याआधी जरा अडतात,
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पाचच्या सुमाराला दोन्हीकडे एकदम गाड्या आल्या
आणि प्रिंटरनं एकच पावती काढली.
वर डोमाजींचा टेम्पो, भिवापूरची मिरची.
खाली सेवकच्या सळाखींच्या ट्रकचं वजन.
मधली एक ओळ अर्धी ह्याची, अर्धी त्याची.
अठ्ठावीस टन मिरची!
टेम्पोवाला खिडकीत हसून राहिला होता.

डोमाजींनी पावती उचलली, चष्मा कपाळावरून खाली घेतला.
सेवकनं दुसरं टोक धरलं.
हा आकडा माह्या गाडीचा.
आन् हा माहा.
मंग मधातलं शून्य कोनाचं?
तुह्यं असन.
माह्यं कायचं, माह्या काट्याले शेवटी पाच येते नेहमी.
नेहमी? कधीपासून?
तू दुरुस्ती केली नाही ना, तवापासून.

त्या एका शून्यावर ते बोलत राहिले.
चेतरामनं वरून खूण केली, सांगू काय म्हणून.
मी मान हलवली.
बटण सरकवायला पापणी लवायचाही वेळ लागत नाही.
मी रिफिल हातात धरून
टेबलाखाली बसून राहिले,
दहा मिनिटं असतील, जास्तही.
बिलात ती धरली नाहीत.

मग तीन सेकंद.
पुढच्या दोन गाड्या आल्या, एक पावती निघाली,
दुसरीचा हिरवा दिवा लुकलुकत थांबला,
मग तिचीही निघाली, स्वच्छ.
दोघं आपापल्या खुर्च्यांवर गेले.
बिल निम्मं निम्मं, दोन फोनांवरून, रुपयाचाही फरक नाही.

ती चुकलेली पावती फाडून टाका, मी म्हटलं.
डोमाजींनी तिची घडी घातली, खिशात ठेवली.
राहू द्या. हिशोबाले लागते.

पारडीच्या पुलापाशी चेतरामला आठवलं,
शिडी तिथंच राहिली.