वाटा

बुधवारपर्यंत यादी हवी, म्हणाले.
सात संघ, चौदा वर्षांखालची पोरं,
कुणाचं भविष्य पहिलं, कुणाचं सातवं.
पहिल्यालाच टर्फवरची सकाळ मिळणार.

पंप हाउसात रात्रपाळीला बसून
मी रकाने आखतो.

सारसोळ्याकडे वेदू तांडेल आहे.
बस, तेवढंच आहे.
चेंडू त्याच्या स्टिकला लागला
की समोरचा बॅक आधी डावीकडे पडतो,
मग विचारतो, कुठे गेला?
बाकीचे दहा नुसते बघत उभे,
माझ्यासारखेच, तोंड उघडं टाकून.
गाव माझंच, म्हणून अर्धा गुण आधीच कापला.

तुर्भे स्टोअरच्या पालिका शाळेत सोळा जण.
नावं लक्षात राहत नाहीत.
एकाला ताप आला तर दुसरा राइट हाफला,
दुसरा बापाबरोबर मार्केटात गेला तर तिसरा,
खेळाला सुरकुती पडत नाही.
साडेसहा, साडेसहा, सहा, साडेसहा.
पेन्सिल कंटाळते.

आई मासळी विकायची, काट्यावर नाही, वाट्याने.
निवट्यांचे वाटे, कोलीमचे वाटे.
त्यांच्यावर आमची फी गेली, छपराला पत्रे आले.
वर्षातून एखादा जिताडा लागायचा, हातभर.
त्या दिवशी ती टोपली दोनदा धुवायची.
अख्खा बाजार तिच्याभोवती.
जिताडा कुणी एक साहेब न्यायचा,
बाकीचे, आलोच आहोत तर, म्हणत
वाटे उचलायचे.
दुपारीच टोपली रिकामी.
कुणामुळे, ते तिला कधी विचारलं नाही.

मी स्वतः जिल्ह्याच्या संघात चौदावा होतो.
तीन वर्षं बाटल्या भरल्या,
एकदा अकरा मिनिटं खेळलो.
चूक केली नाही. कुणी पाहिलंही नाही.
म्हणून त्या सोळांकडे माझा हात झुकतो,
हे कळतं मला, म्हणून आवरतो,
तर तो वेदूकडे झुकतो,
आणि आठवतो त्याचा डावा गुडघा,
आणि त्याचा बाप, दहावीनंतर बोटीवर म्हणणारा.

तीन वाजता दोन नंबरचा पंप बंद केला,
चार नंबरचा चालू.
नेरूळमध्ये कुणाचाच नळ दचकला नाही.

पहिला : तुर्भे स्टोअर.
खोडलं. पुन्हा तेच लिहिलं.
मग, वेदू तांडेलला सकाळी यांच्यात घ्यावं,
सतरावा म्हणून.
अशा गोष्टीला रकाना नव्हता,
कागद उलटून मागे लिहिलं,
जिथे कुणी बघत नाही.
तरी अक्षर नीट काढलं.