मळारचं रीडिंग

दर महिन्याच्या तीन तारखेला
दिवाडीच्या धक्क्यावर फेरीबोटीतून उतरतो.
खांद्यावर दोन पिशव्या,
एकीत वीज खात्याचं मशीन,
दुसरीत रुझारबाबचा कॅमेरा.
मशीन सरकारी. कॅमेरा बावीसशेचा,
म्हापशातला स्टुडिओ बंद करताना
त्याने लग्नांच्या अल्बमांखालून काढून दिलेला.
एक लेन्स. एक पिवळा फिल्टर, कडेला टवका गेलेला.
"आतला मीटर मेलाय," रुझारबाब म्हणाला,
मला हसू आलं. मेलेले मीटर
रोज बघतो मी.

तेव्हापासून उजेड तळहातावर वाचतो.
रेषा लख्ख दिसल्या तर सोळा,
सावलीची कड विरघळली की आठ,
माडांखाली त्याहून उघडं,
आणि घरात, मीटर असतो त्या कोपऱ्यात,
भिंतीला टेकून श्वास धरायचा.

महिन्याला एक रोल. छत्तीस.
धुलाईसकट एक फोटो सव्वीस रुपयांना पडतो,
म्हणजे एक चहा, दोन उंडे.
खाजनातून बगळे एकदम उठतात,
बोट अडतं: चहा, उंडे,
तोवर बगळे पलीकडच्या मानशीवर.
गेले ते गेले, पैसे वाचले.
असं वाचवून वाचवून
एक अख्खं बेट जमलंय माझ्याकडे,
कुणालाच दाखवता न येणारं.

पस्तीस माझे. छत्तिसावा आर्मिंदाबायचा.

दोन वर्षं झाली. मी आकडे टिपत होतो,
ती मागून म्हणाली,
"पेपरांत घालपाक म्हजो एक फोटो काड."
लिस्बनच्या मुलाकडे आहे एक,
पण त्यात तिने गॉगल लावलाय.
कुठलं पान, ते मी विचारलं नाही.
इथे सकाळी चहाबरोबर
सगळे आधी तेच पान उघडतात.

पहिल्या महिन्यात डोळे मिटले.
दुसऱ्यात मांजर मध्ये आलं. मांजर छान आलंय.
तिसऱ्यात हसली, आणि प्रिंट बघून म्हणाली,
मेलेल्या माणसाला एवढं कसलं हसू?
चौथ्यात हसली नाही,
तर म्हणे बिल थकल्यासारखी दिसते.
एकदा फिल्म दात्यांवर चढलीच नव्हती.
महिनाभर खट्ट, खट्ट, छत्तीस वेळा,
आणि आत काहीच नाही.
मी तिला सांगितलं, तुमचा तेवढा बिघडला.

रोल न्हाणीघरात धुतो,
दाराच्या फटीत गोणपाट कोंबून.
पाणी गार करायला बर्फ
मासळीवाल्या शेवंताकडून मागून आणलेला.
त्याला बांगड्यांचा वास येतो, फोटोंना येत नाही.
मग दोरीवर, बायकोच्या परकरांशेजारी
ओला महिना लोंबतो, खाली चिमट्याचं वजन.
लेन्स तांदळाच्या डब्यात झोपते, बुरशी धरू नये म्हणून.
"भातात काच आली तर बघ," बायको म्हणते.

गेल्या खेपेला प्रिंट काढायला कागद नव्हता.
निगेटिव्हच घेऊन गेलो,
तिच्या शिंपल्यांच्या खिडकीशी धरली.
पांढरे केस काळेभोर,
वीस वर्षं अंगावर असलेला काळा झगा
पांढराशुभ्र,
जणू आत्ताच इगर्जीच्या पायऱ्या उतरतेय
आणि कुणीतरी तांदूळ फेकणार आहे.
ती बघत राहिली.
आत रेडिओवर मासळीचे भाव सांगून झाले,
हवामान सांगून झालं.

"हो बरो," म्हणाली शेवटी.
मग निगेटिव्ह माझ्या हातात परत देत,
"पूण हो पेपरांत चलचो ना.
फुडल्या म्हयन्यांत यो."

एकोणीस युनिट. एक बल्ब, एक रेडिओ.
टिपून घेतलं.
फेरीबोट सुटायला आली होती.
मी धावत होतो आणि मनात मोजत होतो,
नव्या रोलला अजून किती कमी पडतात.