धाकट्याची खूण

पोव्हुआ द व्हार्झिमला आमच्या कोळ्यांत
घराण्याचं नाव नंतर, खूण आधी.
होडीवर, वल्ह्यावर, जाळ्याच्या बुचांवर,
थडग्यावरसुद्धा.
थोरला बापाच्या खुणेत एक रेघ वाढवतो,
मधला दोन.
धाकट्याला ती मिळते जशीच्या तशी.

मी धाकटा, झेफेरीनो.
खूण मिळाली, पायांचं दुखणंही,
तेही जसंच्या तसं.

बाबा एकदा सार्डिनच्या शेगडीतून सांडलेल्या
निखाऱ्यावर उभे होते, गप्पा मारत.
आईला वास आला तेव्हा कळलं.
पोर्तोला त्यांचं काळीज काढून दुसऱ्याचं बसवलं.
काढलेलं फेकलं नाही:
ब्रागाच्या एका म्हाताऱ्या पाववाल्याला दिलं,
त्यातलं विष भिनायला वीस वर्षं लागतात,
आणि त्याला तेवढी नकोच होती.
दर नाताळला तो गोड पाव पाठवायचा.
आई तो कोंबड्यांना घालायची.

माझ्या वेळेला कात्री निघाली.
सलाइनमधून, थेंब थेंब,
रक्तातून थेट काळजात जाऊन
एकच अक्षर कापणारी.
मी जाळी विणणारा. डॉक्टरीणबाईंना विचारलं,
एक गाठ कापली तर बाकीचं उसवणार नाही
कशावरून?
बाई थोडा वेळ गप्प बसल्या.
म्हणाल्या, बघत राहू. बरीच वर्षं.
कागदावर सहीच्या जागी मी खूण काढली.
नर्स म्हणाली, नाव लिहा.

गेलेलं परत आलं नाही.
बोटं अजून परक्याचीच.
पण दुखणं घोट्याशी येऊन थांबलंय,
दारात उभ्या राहिलेल्या वसुलीवाल्यासारखं.

लेकराला काळजाचा तुकडा म्हणतात.
म्हणोत. लेकरं काळजातून येत नाहीत.
कात्री गेली ती काळजापर्यंतच,
बीजात जुनं अक्षर शाबूत.
लुडोव्हिना एकोणीस वर्षांची.
तिच्या तपासणीचा लिफाफा फ्रीजवर आहे,
वीजबिलांखाली, न फोडलेला.
मी विचारत नाही. धूळ मात्र रोज पाहतो.

परवा होडी रंगवताना तीच म्हणाली,
मी एकुलती, म्हणजे थोरली की धाकटी?
रेघ वाढवायची की नाही?
मला नियम माहीत नव्हता.
ब्रश हातात धरून उभा राहिलो, अनवाणी.
ती म्हणाली, बाबा, पाय.
निळा ओघळ घोट्यावर गार लागला होता.
पुढे बोटांकडे कुठवर गेला
ते वाकून बघावं लागलं.